पाठीतलं ते इंजेक्शन

'कळा सोसायच्याच असतात', असं म्हणणाऱ्या आमच्या घरात बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मात्र कुणी 'सोसा' म्हणालं नाही. दोन बाळंतपणं, एक गुडघा आणि पाठीतल्या एका सुईबद्दलच्या शंभर अफवा... यातून मी जे शिकले, ते तुमच्यासाठी!

रात्रीचे पावणेतीन वाजले होते. लेबर रूमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे मी इतक्यांदा बघितलं होतं, की त्याचा सेकंदकाटासुद्धा ओळखीचा वाटायला लागला होता. दर तीन मिनिटांनी कंबरेतून एक कळ उठायची आणि मी कॉटची दांडी घट्ट धरायचे.

"सिस्टर, ते इंजेक्शन... एपिड्युरल... आता द्या ना!"

सिस्टर खूप प्रेमळ होत्या. म्हणाल्या, "हो मॅडम, भूलतज्ज्ञ सरांना फोन केलाय. सर दुसऱ्या हॉस्पिटलला सिझरसाठी गेलेत. सुटले की लगेच येतील."

सर सुटले चार वाजता आणि पोचले साडेचारला. तोवर माझ्या डॉक्टर मॅडमनी तपासून सांगितलं होतं, "आता कशाला? अर्ध्या तासात मोकळी होशील!" मावशींनी कपाळावरचे केस मागे सारले, "जोर लावा ताई, जोर लावा" चा गजर सुरू झाला आणि पाच वाजायच्या आत लेक आली. गोड, गुलाबी, रडकी. सगळं छान झालं. पण त्या रात्रीचा विषय निघाला, की माझे हात अजूनही आपोआप कॉटची दांडी शोधतात.

ही गोष्ट २०१९ ची, आपल्या पुण्यातलीच. मी काही अडाणी नव्हते हो! नऊ महिने नेटवर बसून एपिड्युरलबद्दल इतकं वाचलं होतं, की ऑफिसात त्यावर प्रेझेंटेशन दिलं असतं. फक्त एक साधा प्रश्न विचारायचा राहिला होता: रात्री तीन वाजता ते देणार कोण?

मराठीत 'भूल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. डॉक्टर देतात ती आणि माणसाच्या हातून होते ती. पहिली मला मिळाली नाही, कारण दुसरी माझ्या हातून झाली.

बाबांचा गुडघा

आमच्या घरात एपिड्युरल या विषयावर सर्वपक्षीय एकमत होतं. आई म्हणायची, "पाठीत सुई? नको गं बाई. जन्मभर कंबर धरून बसशील." सासूबाई म्हणायच्या, "आम्ही नाही का सोसलं?" शेजारच्या काकूंच्या सुनेच्या मावसबहिणीची कंबर म्हणे त्या इंजेक्शनने कायमची गेली होती. (अशी एक मावसबहीण प्रत्येक सोसायटीत असतेच.) ऑफिसातल्या मैत्रिणींमध्ये दोन गट होते. एक 'नॅचरल इज बेस्ट'वाला आणि दुसरा 'आपण तर थेट सिझर'वाला.

मग २०२१ मध्ये बाबांचा गुडघा बदलायचं ठरलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ मॅडम खोलीत आल्या. वय, वजन, बीपी, शुगर, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, आधीची ऑपरेशन्स, कवळी आहे का... सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, "काका, पूर्ण बेशुद्ध नाही करणार. पाठीत एक इंजेक्शन देऊ. कंबरेखालचा भाग बधिर होईल. शिवाय मांडीत सोनोग्राफीवर बघून एक ब्लॉक देऊ, म्हणजे नंतरचं दुखणंही कमी राहील."

बाबांनी मान डोलावली. आईने मान डोलावली. सासूबाईंचा फोन आला, त्यांनीही फोनवर मान डोलावली असावी. पाठ? सुई? जन्मभराची कंबर? कुणी चकार शब्द काढला नाही. "सोसा की थोडं", असं तर कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. ऑपरेशनभर बाबा अर्धवट झोपेत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "आत हातोड्याचा आवाज येत होता गं, पण वाटत होतं, शेजारच्यांचं फर्निचरचं काम चाललंय!"

मी हसले. आणि मग एकदम डोक्यात ट्यूब पेटली. तीच पाठ, तीच फट, त्याच कुळातलं औषध. मग बाबांसाठी ते 'आधुनिक उपचार' आणि माझ्यासाठी 'लाड' कसं काय?

सुई जाते कुठे?

मी पुन्हा गरोदर राहिले तेव्हा ठरवलं, या वेळी अर्धवट माहितीवर काम नाही. आधी फंडे क्लिअर!

दाताच्या डॉक्टरांकडे हिरडीत मिळणारं इंजेक्शन आठवतंय? ओठ सुजल्यासारखा वाटतो, चूळ भरताना पाणी ओघळतं, पण दात निघालेला कळत नाही. ते लोकल ॲनेस्थेटिक. आपल्या नसा म्हणजे विजेच्या तारा समजा. नसेच्या भिंतीत सोडियमची बारीक दारं असतात. ती उघडली, की निरोप पुढे सरकतो: 'दुखतंय, दुखतंय!' हे औषध ती दारं काही वेळापुरती बंद करतं. जखम तिथेच असते, पण निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. औषध ओसरलं, की दारं पुन्हा उघडतात.

आता हेच औषध कुठे टाकायचं, यावर सगळा खेळ आहे. हिरडीत टाकलं तर एक दात बधिर होतो. काखेत किंवा मानेजवळ नसांच्या जुडग्याभोवती टाकलं तर अख्खा हात. म्हणूनच बाइकवरून पडून हात मोडलेला तुमचा मित्र प्लेट बसवताना जागा राहू शकतो. आणि पाठीच्या कण्याजवळ टाकलं तर कंबरेखालचा भाग.

पाठीतल्या इंजेक्शनचे मुख्य प्रकार दोन. स्पायनल म्हणजे अगदी बारीक सुईने मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात एकदाच औषध सोडायचं. काही मिनिटांत पाय जड होतात आणि साधारण दीड-दोन तास काम चालतं. सिझर बहुतेक वेळा यावरच होतं. आई जागी असते, बाळाचं पहिलं रडणं ऐकते. आत ओढल्यासारखं, दाबल्यासारखं वाटतं, पण कापल्याचं दुखणं नसतं.

एपिड्युरलमध्ये त्या पाण्याच्या पिशवीच्या बाहेरच थांबायचं. सुईतून केसासारखी बारीक प्लॅस्टिकची नळी आत सरकवायची आणि सुई काढून घ्यायची. हो, काढून घ्यायची! 'पाठीत सुई ठेवून झोपवतात' ही पहिली अफवा इथेच बाद. आत राहते ती मऊ नळी. तिच्यातून हवं तेव्हा, हवं तितकं औषध देता येतं. परिणाम यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण कळा कितीही तास चालल्या तरी औषध चालू ठेवता येतं.

"पण मज्जारज्जूलाच सुई लागली तर?" हा माझा लाडका प्रश्न. उत्तर शरीरशास्त्रात आहे. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली असतात सुट्या नसा, ज्यांना डॉक्टरी भाषेत चक्क 'घोड्याची शेपटी' अशा अर्थाचं लॅटिन नाव आहे. सुई दिली जाते ती याच खालच्या भागात. नसेला कायमची इजा होणं अशक्य नाही, पण अत्यंत दुर्मीळ आहे.

सिगारचे चटके आणि राणीचं बाळंतपण

या सगळ्याची सुरुवात मोठी फिल्मी आहे. १८८४ मध्ये व्हिएन्नातल्या कार्ल कोलर नावाच्या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करून दाखवला. कोकेनवर त्याच सुमारास काम करणारा त्याचा एक मित्र होता सिग्मंड फ्रॉइड. हो, तोच!

पुढे १८९८ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर या सर्जनने पाठीतून कोकेन दिलं आणि नंतर प्रयोग स्वतःवरच करायचं ठरवलं. त्याचा सहकारी हिल्डेब्रांट त्याला इंजेक्शन देत होता, पण सिरिंज सुईवर नीट बसेना. औषध सांडलं, पाठीतलं पाणीही वाहून गेलं. मग भूमिका बदलल्या आणि बिअरने हिल्डेब्रांटला इंजेक्शन दिलं. तो बधिर झाल्यावर नडगीवर हातोडा मारून पाहिला, सिगारचे चटके देऊन पाहिले. पठ्ठ्याला काही कळेना! आनंदात दोघांनी वाइन घेतली. नंतर मात्र बिअर कित्येक दिवस डोकेदुखीने आडवा होता. उठून बसलं की डोकं ठणकायचं, झोपलं की थांबायचं. पाठीतलं पाणी गळाल्यावर होणारी ही डोकेदुखी डॉक्टर आजही ओळखतात. फरक इतकाच, की आता स्पायनलच्या सुया फार बारीक आणि टोकाला पेन्सिलसारख्या असतात, त्यामुळे ती बरीच कमी झाली आहे.

कोकेनही मागे पडलं. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लॉफग्रेनने लिडोकेन तयार केलं. आपल्याकडे दाताच्या दवाखान्यापासून टाके घालण्यापर्यंत ज्याला सगळे 'झायलोकेन' म्हणतात, तेच हे. एपिड्युरलमध्ये आज बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन अगदी सौम्य प्रमाणात आणि सोबत थोडं फेंटानिल वापरतात. उद्देश हा, की दुखणं जावं पण पाय पूर्ण लुळे पडू नयेत.

आणि 'कळा कमी करणं योग्य की अयोग्य' हा वाद? तो तर इंजेक्शनच्याही आधीचा. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतलं, तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच. म्हणजे सासूबाई एकट्या नाहीत!

चौतिसावा आठवडा, समोर भूलतज्ज्ञ

२०२३ मध्ये हॉस्पिटल निवडताना मी खोल्या, एसी, फोटोशूटचं पॅकेज यातलं काही विचारलं नाही. रिसेप्शनला पहिला प्रश्न टाकला, "भूलतज्ज्ञ चोवीस तास इथेच असतात, की फोन केल्यावर येतात?" मुलीने आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पण उत्तर दिलं, "इथेच असतात, मॅडम." मग चौतिसाव्या आठवड्यात मी आणि नवरा भूलतज्ज्ञांची वेळ घेऊन त्यांच्यासमोर बसलो. आईलाही मुद्दाम नेलं.

आईने थेट विषयालाच हात घातला, "कंबर कायमची जाते म्हणतात..."

डॉक्टर म्हणाले, "आजी, सुई टोचल्याच्या जागी चार-आठ दिवस दुखू शकतं. पण बाळंतपणानंतरची कंबरदुखी एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या बायकांत सारखीच आढळते. पोटाचं वजन, बाळाला वाकून उचलणं, अवघडून दूध पाजणं... कंबर त्याने दुखते. नाव इंजेक्शनचं होतं."

माझा प्रश्न होता, "याने सिझर होण्याची शक्यता वाढते का?" नाही. २०१८ मध्ये जगभरातल्या चाचण्या एकत्र करून झालेल्या कोक्रेन आढाव्यात तसं दिसलं नाही. जोर लावण्याचा टप्पा थोडा लांबू शकतो. पूर्वीच्या जड डोसमध्ये चिमट्याची किंवा व्हॅक्यूमची गरज जास्त पडायची, हलक्या डोसच्या नव्या पद्धतीत तो फरक दिसत नाही. 'चार सेंटीमीटर होईपर्यंत थांबा' हा जुना नियमही आता धरत नाहीत. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही निरोगी गरोदर बाईने मागितल्यास एपिड्युरलचा पर्याय द्यावा, अशी शिफारस केली आहे. बाई मागते आहे, हे कारण पुरेसं आहे!

डॉक्टरांनी दुसरी बाजूही लपवली नाही. बीपी उतरू शकतं, म्हणून सलाइन आणि सतत मोजणी. अंगाला खाज किंवा थंडी वाजल्यासारखी थरथर होऊ शकते. ताप चढू शकतो. लघवीला नळी घालावी लागू शकते. शंभरात साधारण एकीला बिअरसारखी डोकेदुखी होते, त्यावरही उपाय असतो. आणि साधारण आठ-दहा जणींत एकीला ते हवं तसं लागू पडत नाही, मग नळी सरकवावी किंवा बदलावी लागते. रक्त गोठण्याचा विकार, प्लेटलेट्स फार कमी, रक्त पातळ करणारी औषधं चालू किंवा सुईच्या जागी इन्फेक्शन असेल, तर देतच नाहीत.

निघताना आई म्हणाली, "डॉक्टर बरे वाटले." आमच्या घरात हे म्हणजे ठराव मंजूर!

पुन्हा तेच घड्याळ

या वेळी कळा सुरू झाल्या संध्याकाळी. सातच्या सुमाराला मी म्हटलं, "आता." आणि वीस मिनिटांत डॉक्टर हजर.

"मांजरासारखी पाठ गोल करा. कळ आली तर सांगा, मी थांबतो. पण हलू नका." सिस्टरच्या खांद्यावर डोकं टेकवून मी बसले. आधी कातडी बधिर करणारी छोटी सुई, मुंगी चावल्यासारखी. मग फक्त दाब. थोडंसं औषध टाकून विचारलं, "कानात गुणगुणतंय? जिभेवर विचित्र चव? छातीत धडधड? पाय एकदम जड?" औषध चुकून रक्तवाहिनीत किंवा पाण्याच्या पिशवीत गेलेलं नाही ना, याची ती परीक्षा असते. मी पास!

पंधरा मिनिटांनी उजवी बाजू शांत. डावी मात्र अजून बोंबलत होती. मला रडूच आलं. म्हटलं, झालं, आपण त्या आठ-दहांतल्या एक! डॉक्टरांनी स्पिरिटचा गार बोळा दोन्ही बाजूंना फिरवून पाहिला, नळी थोडी मागे ओढली, मला डाव्या कुशीवर वळवलं, आणखी औषध दिलं. दहा मिनिटांत डावी बाजूही गप्प.

मशीनवर कळांचे डोंगर उमटत होते आणि मी त्यांच्याकडे शेजारच्या बिल्डिंगचे फटाके बघावेत तशी बघत होते. मग चक्क झोपले. रात्री एकला जोर लावायची वेळ आली. खाली दाब जाणवत होता, पाय हलत होते, डोकं ताळ्यावर होतं. दीडच्या सुमाराला मुलगा झाला. पहिल्या मिनिटाला त्याला ॲपगार स्कोअरमध्ये नऊ मार्क मिळाले. आणि गंमत म्हणजे, जगभरच्या बाळांना हे मार्क द्यायची पद्धत १९५३ मध्ये मांडली, ती डॉ. व्हर्जिनिया ॲपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी!

मग सगळ्यांनी घ्यावंच का? अजिबात नाही. माझ्या ताईने दोन्ही वेळा घेतलं नाही. श्वासाचे व्यायाम केले, चालत राहिली आणि ती त्यात खूश आहे. तो तिचा निर्णय होता. पहिल्या वेळी माझा निर्णय मात्र ऑपरेशन थिएटरच्या वेळापत्रकाने घेतला.

पर्समध्ये ठेवायची यादी

डोहाळेजेवणाची साडी नंतर घ्या, आधी हॉस्पिटलला हे विचारा:

– भूलतज्ज्ञ चोवीस तास हॉस्पिटलमध्ये असतात, की बोलावल्यावर येतात? किती वेळात?
– एपिड्युरल रात्री, रविवारी, दिवाळीतही मिळतं का?
– एकदा नळी घातल्यावर लक्ष कोण ठेवतं? बीपी आणि बाळाचे ठोके सतत बघतात का?
– ऐनवेळी सिझर करावं लागलं, तर याच नळीतून भूल देता येईल का?
– खर्च पॅकेजमध्ये धरलाय, की वेगळा? इन्शुरन्सला चालतो का?
– माझ्या रिपोर्टमध्ये एपिड्युरलला अडचण ठरेल असं काही आहे का?

ऑपरेशन कुठलंही असो, भूलतज्ज्ञांपासून काही लपवू नका. ॲलर्जी, सिगारेट, चालू गोळ्या, आधी दाताच्या इंजेक्शनचा झालेला त्रास... सगळं सांगा. उपाशी राहायला सांगितलं असेल, तर 'फक्त अर्धा कप चहा'सुद्धा विचारूनच.

आता राहिलं एकच. त्या रात्री मी झोपले होते तेव्हा आई कॉटशेजारी बसली होती. डोळे उघडले तर ती मशीनवरच्या डोंगरांकडे एकटक बघत होती.

"काय गं?" मी विचारलं.

"केवढी मोठी कळ येऊन गेली आत्ता. आणि तू झोपलेलीस," ती म्हणाली. मग थोडं थांबून, पदर सारखा करत, "तुझ्या वेळी बावीस तास लागले होते मला. हवंय का असं काही, हे कुणी विचारलंच नाही."

मी तिचा हात धरला. कॉटच्या दांडीऐवजी.